श्रीरामनं आवाज भराचं काम शिकाले मुंबईले जावं का?

काका नाही म्हनते! काऊन नाही? बापूकाका, तुमी मोठे, तुमचा मान मले हाये, पन श्रीरामचा थोरला भाऊ मी हावो! "पेटी वाजवते ते पुरे हाये. आवाज भराचं काम शिकाले कोनी मुंबईले जाते का? उद्या म्हनन, हवा मोटंत बांधाले शिकतो!" पारावर चार मानसांत असं बोलले अन् गेले मळ्यात निंगून. आता काका इथं नाहीत, तं मी भांडू कोनाशी? तुमच्याशीच भांडतो. बसा मास्तर, च्या येऊन राह्यला.

गोष्ट अशी हाये. कर्ण्याच्या बाज्यावर वाजते ना, ते गान्याचे काळे तवे? ते भरनाऱ्या मुंबईच्या सायबाची चिठ्ठी आली. श्रीरामले दोन वर्सं हाताखाली घेतो म्हनते. मशीन कशी चालवाची, गानं कसं भराचं, सगळं शिकवतो म्हनते. पन आमच्या सोनाळ्याच्या भजनी मंडळाची पेटी श्रीरामच वाजवते. तो गेला का मी एकटा मृदंग बडवत बसन! म्हनून आठ दिवस झाले, चिठ्ठी कोनाड्यात पडली हाये. अन् त्याच्या कानाच्या गोष्टी अशा का एक सांगाले गेलं तं दुसरी मांडीवर येऊन बसते!

*

एक डाव आमी दोघं भाऊ ओट्यावर बसलो होतो. आत आमची मंडळी भाकरी थापून राह्यली होती. श्रीराम हळूच म्हने, "दादा, आत्ता आत जाऊ नको."

"काऊन बे?"

"वहिनीची थाप आयक. ते थाप भाकरीसाठी नाही."

मी म्हनलं, लहाना भाऊ मले अक्कल शिकवते! गेलो आत, बसलो पाटावर. पुढं काय झालं ते नाही सांगत. पन आता मी आधी थाप आयकतो, मंगच पाट मांडतो!

*

मृदंगाच्या डाव्या तोंडाले कनीक लावा लागते, तुमाले माहीत हाये. त्याच्याबिगर तो घुमत नाही. एकादशीच्या भजनात मी पहिली थाप मारली अन् श्रीराम म्हने, "दादा, डावी बाजू गेली."

माहं डोकं फिरलं! "वीस वर्सं वाजवून राह्यलो मी! तू मले सांगतं?"

"कनीक नाही लावली तू."

"लावली! ह्या हातानं लावली!"

असे भांडलो, असे भांडलो का भजन राह्यलं बाजूले. मंग कोनीतरी खांबाकडं बोट दाखवलं. आमची शेळी तिथं उभी होती, मजेत तोंड चाटत!

*

जत्रेत पहिल्यांदा मलकापुरातून भोंगा आनला. आमचे मुख्य गानारे कोंडाजीबुवा. त्यांचा आवाज भोंग्याबिगर शेजारच्या गावात जाते! बुवानं बोलाच्या डब्बीले तोंड लावून अशी आरोळी ठोकली का भोंगा केकाटला अन् निंबावरचे पाखरं उडाले. भोंगेवाल्यानं हात जोडले, "बुवा, जरा हळू!"

बुवा म्हने, "हळूच गाचं होतं तं हे भाड्यानं आनलं कायले?"

श्रीराम उठला. डब्बी उचलली अन् बुवाच्या पाठीमागं, दोन हात दूर नेऊन ठेवली. मंग अभंगाचा शब्द अन् शब्द मोकळा आयकू आला. बुवाची बायको बायांत बसली होती. ते म्हने, "चाळीस वर्सं झाले बाई, हे काय म्हनते ते आज समजलं!"

*

मंग तो तवे भरनारा साहेब नांदुऱ्याले आला. कापसाच्या रिकाम्या गोदामात आमचं भजन भराचं ठरलं. भजनात मोठा मानूस सगळ्यात पुढं बसते, हे आमचं बापजाद्यापासून चालत आलं. साहेब म्हने, "ज्याचा आवाज मोठा, तो मशीनपासून दूर, दाराजवळ!" म्हंजे बुवा चपलांपाशी!

बुवा उठले. "मी घरी निंगलो. चपला राखाले नाही आलो मी!"

सायबानं डोकं धरलं. श्रीराम गेला, मुनिमाची खुर्ची उचलून आनली अन् दाराशी मांडली. "बुवा, बाकी सगळे खाली बसते. खुर्ची एकच हाये."

बुवा मिशीवर हात फिरवत बसले! साहेब माह्या कानात म्हने, "मशीन मी कोनालेही शिकवीन. हे नाही शिकवता येत. पाठवा याले माह्याकडं."

तेवढ्यात झांजवाला उठून उभा! "माहा आवाज बी मोठा हाये, मले बी खुर्ची पाह्यजे!"

*

त्याच दिवशी बापूकाका बाहेर गाडीजवळ उभे होते. अभंग सरत आला अन् बैल बिचकले. काकानं हाक मारली, "होऽऽ राजा, होऽऽ!" बैल थांबले, पन हाक गेली तव्यात! सायबाजवळ भराचं सामान तेवढंच उरलं होतं, म्हनून तसंच राहू देल्लं.

परवा पाटलाच्या ओट्यावर बाज्यावर तो तवा लावला. सगळं गाव जमलं. तिकडून काका कडब्याची गाडी घेऊन आले. गाडी ओट्यासमोर आली अन् कर्ण्यातून निंगालं, "होऽऽ राजा, होऽऽ!"

बैल जागेवर थांबले!

काकानं शेपट्या पिरगाळल्या, "चाल! चाल ना बे!" बैलांनी पाय उचलला का पाटील सुई मांगं नेऊन ठेवते, "होऽऽ राजा, होऽऽ!" पुन्हा गाडी उभी. एक डाव, दोन डाव, चार डाव! लोकं पोट धरून लोळून राह्यले.

शेवटी काकानं चाबूक फेकला, गाडीवरून उतरले, ओट्यावर चढले अन् कर्ण्यात तोंड घालून वरडले, "सोड बे माहे बैल!"

*

मास्तर, हसू नका. काकाचा राग त्या तव्यावर हाये, श्रीरामवर नाही. दौत उघडा. मले लिवता सहीपुरतंच येते. पेटीचं मी पाहून घेईन. सायबाले लिवा: श्रीराम सोमवारी नांदुऱ्याहून आगगाडीत बसते. लिवा म्हनतो ना!