परभ्याला शर्यत ऐकायची होती

परभ्या गेला तेव्हा मी आंब्याच्या पेट्या भरत होतो. दुपारी तीनच्या सुमारास सुनीतावैनींचा फोन आला. "भावजी, जरा गॅरेजवर येता? हे उठत नाहीत." मी म्हटलं, "झोपू दे हो वैनी, एवढ्या उन्हाचं कुठं जायचंय त्याला?" आणि हातातली पेटी पुरी भरली, वर गवत दाबलं, दोरी आवळली. मग पुन्हा फोन वाजला, आणि या वेळी वैनी नुसत्या रडत होत्या... मिरजोळ्याच्या गॅरेजात तो बाकड्यावर कुशीवर झोपल्यासारखाच होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, तासभर तरी झाला असेल. उशाशी चहाचा कप गार होऊन पडला होता. वैनींनी दारातून दोनदा हाक मारली होती, याने ओ दिली नाही, म्हणून कप ठेवून त्या मागच्या घरात निघून गेल्या होत्या. हाकेला ओ न येणं हे त्यांना रोजचंच होतं.

कारण परभ्याचे कान जात चालले होते. तीन वर्षं. हे वैनींखेरीज कुणालाच माहीत नव्हतं, मलाही त्यांनी बाराव्याच्या दिवशी सांगितलं. गेल्या वर्षी डॉक्टरने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, आणखी वर्ष-दीड वर्ष, पुढे काही उरेल असं धरून चालू नका. आणि ते दीड वर्ष संपायच्या आत त्याला एकदा मोटारींची शर्यत ऐकायची होती. बघायची नव्हे, ऐकायची. ती राहिली, आणि ती माझ्यामुळे राहिली. लोक समजूत घालतात, "असं काही नसतं हो, मनाला लावून घेऊ नका." असतं. चांगलं असतं.

आम्ही एका वाडीतले, शाळेत एका बाकावरचे. मी बागेत राहिलो, तो आधी भाट्याच्या खाडीत मच्छीमार होड्यांची इंजिनं खोलायला शिकला आणि मग मिरजोळ्याला गॅरेज टाकून गाड्यांकडे वळला. गिऱ्हाईक फाटकातून आत वळेपर्यंत हा पाठमोरा उभा राहून सांगायचा, "पुढचं डावं बेअरिंग गेलंय. घाट उतरून आलात वाटतं?" वाटेत दहा गॅरेजं टाकून मालगुंडहून माणसं याच्याकडे यायची ती या कानांसाठी. आता कळतं, त्याने ते का लपवलं. कानाने गाडी ओळखणारा बहिरा झाला म्हटल्यावर कोण आलं असतं? आणि त्याहून जास्त म्हणजे माज. होताच त्याला माज, आणि तो असायलाच हवा होता.

शर्यतीचं वेड मात्र अचानकच उपटलं, असं मला वाटायचं. कोइमतूरकडे एक ट्रॅक आहे, तिथे रोजच्या रस्त्यावरच्या गाड्या पळवतात. आतल्या सीटा काढायच्या, लोखंडी पिंजरा बसवायचा, बाकी गाडी आपल्या गिऱ्हाइकांची असते तीच. "तेच इंजिन रे," तो म्हणायचा, "तीस वर्षं मी ज्याचं तेल बदलतोय तेच. ते पुरतं मोकळं सोडल्यावर कसं ओरडतं, ते मी एकदाही ऐकलेलं नाय. मोबाइलवर नुसता डास गुणगुणतो." दर खेपेला बेत तोच. गुरुवारी रात्री रत्नागिरीहून रेल्वे, शनिवार-रविवार शर्यत, सोमवारी रात्री परत. वाटेला वैनींच्या आंबोळ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. एका टायरवाल्याच्या ओळखीने खोलीही ठरवली होती. गॅरेजच्या जमिनीवर खडूने त्याने अख्खा ट्रॅक काढला होता आणि एका वळणापाशी दोन फुल्या मारल्या होत्या, एक त्याची, एक माझी. "इथं गाडी गिअर पाडते, इंजिन सगळ्यात जास्त ओरडतं. स्टँडात बसायचं नाय, इथं उभं राहायचं." एकदा वैनी म्हणाल्या, "त्या खडूवरनं गाडी नेली म्हणून काल एका गिऱ्हाइकाला ओरडलेत."

पहिल्या वर्षी मी तिकिटं रद्द करायला लावली, कारण मोहोरावर तुडतुड्याची कीड पडली होती. दुसऱ्या वर्षी पुतणीचा साखरपुडा निघाला. दोन्ही वेळा तो "बरं" म्हणाला. मला वाटलं, छंद आहे, थांबेल. आंबेवाल्याला सगळंच पुढच्या हंगामावर ढकलायची सवय असते.

यंदा शर्यत शिमग्यात आली. आमच्या गावची पालखी घरोघर फिरते. ती वर्षातून एकदा दारात येते, त्या वेळी दार बंद असणं म्हणजे... आमच्याकडे ते कुणी बोलूनसुद्धा दाखवत नाही. मानकऱ्यांनी सांगितलं, तुमच्या वाडीत शनिवारी. घरात दार उघडणारा मी एकटाच. मी गॅरेजवर जाऊन परभ्याला म्हटलं, जमत नाही. त्याने पान्हा खाली ठेवला.

"पालखी दरवर्षी येते रे."

"शर्यत पण दरवर्षी असते. आणि एवढीच घाई असेल तर तू जा ना एकटा. कुक्कुलं बाळ आहेस?"

"एकटा नाय जायचा मी."

"मग गाडी काढ तुझी, कुणाला तरी घे बरोबर."

"गाडी नको."

"मेल्या, स्वतः मेकॅनिक आणि गाडी नको? म्हातारा झालास!"

माझा आवाज चढला होता. त्याने चारदा "काय?" विचारलं आणि मी चारदा ओरडून तेच सांगितलं. मला वाटलं, मुद्दाम खिजवतोय. शेवटी मी म्हटलं, "बहिरट झालायस काय रे?" तो हसला. माझ्यासमोर उभा राहून हसला तो...

शनिवारी मी घरापुढचं खळं सारवून, सुपात नारळ घेऊन बसलो. पालखी आली नाही. आधी वरची वाडी की खालची, यावर मानकऱ्यांचं फाटलं आणि देव दोन दिवस सहाणेवरच, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावरच, बसून राहिला. रविवारी शर्यत संपली. मंगळवारी पालखी आली. आम्ही जाऊन, उभे राहून, ऐकून परत आलो असतो आणि तरी दार उघडं असतं. खळ्यात देवाला गाऱ्हाणं घालून झाल्यावर परभ्या पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, "आणि पुढल्या वर्षी या बागायतदाराला चार दिवस मोकळे मिळू देत रे म्हाराजा!" सगळे हसले. "व्हय म्हाराजा" सगळ्यात मोठ्याने मीच म्हणालो. दोन महिन्यांत तो गेला.

बाराव्याला वैनी म्हणाल्या, "मागून हॉर्न दिलेला ऐकू येत नव्हता, म्हणून गाडी सोडली होती. स्टेशनात काय पुकारतात कळत नव्हतं, म्हणून एकटे जात नव्हते. मी म्हटलं, भावजींना सांगा, ते येतील. तर म्हणाले, सांगून आला तर दया म्हणून येईल. तसाच येऊ दे." मी तसाच गेलो नाही. सांगितलं असतं तर गेलो असतो का? रोज विचारतो स्वतःला. गेलो असतो, असं छातीठोक म्हणवत नाही, आणि यानेच माझी झोप उडाली आहे.

गॅरेज अजून तसंच आहे. वैनींनी विकायला काढलेलं नाही. मी शनिवारी जातो, शटर उघडतो, बसतो. गेल्या शनिवारी भिंतीवरच्या हत्यारांत एक लांब स्क्रू ड्रायव्हर दिसला. इंजिनात नेमकं कुठे वाजतंय ते कळायला मेकॅनिक त्याचं टोक इंजिनला टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. या मुठीवर दातांचे खोल वळ होते. वैनींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "शेवटचं वर्षभर असंच करायचे. कानातून येत नव्हतं ना. दातात धरलं की डोक्यात येतं म्हणायचे. कुणी आलं की पटकन काढायचे तोंडातून."

त्या आत गेल्यावर मी माझी गाडी चालू केली, बॉनेट उघडलं, टोक इंजिनला लावलं आणि मूठ त्याच वळांवर दातात धरली. आवाज थेट कवटीत शिरला. मला दोन धड कान आहेत, मला हे सगळं तसंही ऐकू येतं. चार दिवस मागत होता तो माझ्याकडे. चारच दिवस.