तीन लाइनची पायपेटी

२०१५ साली आमच्या तलासरीच्या चर्चला मागून एक पडवी जोडली आणि माझ्या पायपेटीची अब्रू गेली. मी पुढे पायांनी भाता मारून मारून घामाघूम, आणि मागच्या बाकांवर काही म्हणजे काही ऐकू जायचं नाही. तिकडची मंडळी त्यांच्या तालात, आम्ही आमच्या. शेवटी फादरांनी पेटी मोठी करायचं ठरवलं. दोन लाइनची होती, तिच्यात सुरांची तिसरी लाइन बसवायची, भाता मोठा करायचा आणि त्याला मोटर लावायची. मी तर मनातल्या मनात पेढे वाटले.

कारागीर हद्दीपलीकडून, गुजरातेतून आला. मला बेन म्हणायचा. पहिल्याच दिवशी त्याने पेटी उघडून सूर तपासला आणि तोंड वाकडं केलं. वर्षानुवर्षं दमट हवा खाऊन पेटी एक पट्टी खाली उतरली होती. म्हणजे आमचे सगळे पाडे इतकी वर्षं एक पट्टी खालीच गात होते आणि कुणाला पत्ता नाही! तो म्हणाला, नवी लाइन बरोबर सुरात लावतो, मग जुन्या दोन घासून तिच्यापर्यंत चढवतो. फादर हो म्हणाले, मीही मान हलवली. मला मेलीला काय कळत होतं?

नवी लाइन बसल्यावर नुसत्या तिच्यावर तालीम ठेवली. आमच्याकडे गाणं उचलतात माझ्या सासूबाई. आदल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी आवाजाची खात्री दिली नव्हती. वेवजी गावातल्या आमच्या घरी भाजी निवडता निवडता गुणगुणून त्यांनी तो परत मिळवला होता. त्या दिवशी त्यांनी पहिली ओळ उचलली आणि वरच्या सुराला आवाज चिरकला. पुन्हा घेतली, पुन्हा तेच.

"तुम्ही म्हणा गं," त्या म्हणाल्या, "मी ऐकते."

जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या. संध्याकाळी भाजी निवडली, ती मुकाट्याने. मला वाटलं, हा आवाज आता कायमचा गेला.

दुसऱ्या दिवशी, सूर चढवल्यामुळेच हे झालं म्हणून मी कारागिराशी भांडायलाच गेले. तो शांतपणे म्हणाला, बेन, तुम्ही एक पट्टी खालून वाजवा, सोपं आहे. डोंबलाचं सोपं! लहानपणी सिस्टरांनी जी बोटं बसवून दिली तेवढीच मला येतात. एक पट्टी सरकले की काळ्या-पांढऱ्याची खिचडी. दिवसभर खटपट करून रडकुंडीला आले आणि सरळ फादरांना गाठलं. म्हटलं, जुन्या लाइन चढवू नका, नवी खाली उतरवा.

कारागिराने कपाळाला हात लावला. पेटी नवी करायची आणि मुद्दाम उतरलेल्या सुरात? लोक मला हसतील, म्हणाला. फादरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग त्याला म्हणाले, लोक जिथे गातात तिथे पेटी आणा. कुरकुरत का होईना, त्याने नवा एकेक सूर काढून घासला आणि जुन्याशी जुळवला.

सासूबाईंना मी यातलं काही सांगितलं नाही. जमलं नाही तर उगाच आशा नको. रविवारी त्या पुन्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. मी मोटर सुरू केली, सुरुवात वाजवली. पुढचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले, उचलणार कोण?

मागून सासूबाईंचा आवाज आला. मागे बसून त्यांना पेटी ऐकू गेली होती. वरचा सूर जवळ आला. त्या वर गेल्या, ठरल्या, आणि सहज खाली उतरल्या. माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बोटं आपली चालली होती.

बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "आता कुठे नीट लागली बघ पेटी. मध्ये त्याने बिघडवूनच ठेवली होती."

कारागीर शेजारीच उभा होता. मी जीभ चावली.

"हो बा," तो सासूबाईंना आईसारखी हाक मारत म्हणाला, "माझीच चूक झाली होती."