चिंध्यांची जुडी

पोलीस खात्यात असताना किती कागदांवर सह्या केल्या ते आता सांगता येणार नाही. त्यातली एक सही मात्र अजून मनातून जात नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पुण्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका दुपारी एक परदेशी तरुणी रिक्षातून उतरून थेट माझ्या टेबलाशी आली. आमच्या हद्दीतल्या बालगृहात ती दोन वर्षे नर्सचे काम करत होती. मराठी तिथल्या आयांकडून शिकलेली. पिशवीतून तिने चिंध्यांच्या पाच-सहा जुड्या काढून माझ्यासमोर मांडल्या. मेथीच्या असतात तशाच, सुतळीने आवळलेल्या.

"आमच्याकडची चार वर्षांची मुलगी बांधते. रोज. साहेब, हे मूल कोणाचं तरी आहे."

"बाई, प्रत्येक मूल कोणाचं तरी असतंच," मी म्हणालो. पुण्यात अशी उत्तरे द्यायला वेगळे शिक्षण लागत नाही.

"मग कोणाचं, ते तुम्ही शोधलं?"

मी फाइल मागवली. मुलगी वर्षापूर्वी एस.टी. स्टँडवर सापडली होती. तेव्हा जेमतेम तीन वर्षांची, नाव विचारले की नुसती रडायची. हवालदाराने स्टँडवर चौकशी केली, फोटो वर्तमानपत्रात दिला आणि अहवाल लिहिला: 'कसून शोध घेतला असता पालक मिळून आले नाहीत.' खाली माझी सही. 'कसून' म्हणजे स्टँडच्या फाटकापर्यंत, हे सही करतानाही मला ठाऊक होते. त्या अहवालावर विसंबून कोर्टाने दत्तकाला परवानगी दिली होती. मुलीला न्यायला परदेशी जोडपे पुण्यात येऊन थांबले होते. विमान पाच दिवसांनी होते.

जोडपे त्या नर्सच्याच देशातले. दत्तकाला तिचा विरोध नव्हता. कितीतरी मुले चांगल्या घरी जाताना तिने पाहिली होती, या मुलीला तिकडची भाषाही तीच शिकवत होती. आता बालगृहात सगळे तिच्यावर चिडले होते, तरी ती आली. मला तिचा राग आला आणि आदरही वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मार्केट यार्डात गेलो. भाजीच्या एका जुन्या अडत्यापुढे जुडी ठेवली. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"गाठ नाही हिला. पीळ देऊन टोक आत खोचलंय. लोणी काळभोरच्या पुढं एक वाडी आहे, तिथले लोक असं बांधतात. बाकी सगळे गाठ मारतात."

वाडीच्या पोलीस पाटलांना मी एकच विचारले, वर्षभरात कुणाचे लहान मूल दिसेनासे झाले आहे का?

"एक पोर हाय साहेब. बाप वारला, आई क्षयाच्या दवाखान्यात. पोर मावशीकडं धाडलीय म्हनतो चुलता."

मावशीचे गाव तासाभराच्या वाटेवर. तिथे मुलगी कधी पोचलीच नव्हती.

चुलत्याला ठाण्यात आणले. तासभर त्याचे मावशीचेच पालुपद चालू होते. मी आवाज चढवला नाही. आपण ओरडतो तेवढ्यात खोटे बोलणाऱ्याला विचार करायला वेळ मिळतो, असा माझा अनुभव आहे. मी त्याच्यापुढे चिंध्या आणि सुतळी ठेवली. "बांधा."

त्याने सवयीने जुडी बांधली, पीळ दिला, टोक आत खोचले. मी शेजारी मुलीची जुडी ठेवली. त्याने ती उचलून टोकाशी चाचपली.

"वैनी तिला मांडीवर घिऊन शिकवायची," तो म्हणाला आणि त्याने तोंड झाकून घेतले. "माझीच चार पोरं, साहेब. वाटलं, सरकार सांभाळंल."

गुन्हा दाखल केला, कोर्टाला कळवले, मुलीचे जाणे थांबले. आई बरी होत आली होती. मुलगी मावशीकडे सुखात आहे, असेच ती वर्षभर समजत होती. डॉक्टरांची परवानगी घेऊन तिला बालगृहात आणले. मुलीने तिला ओळखले नाही. ती नर्सच्या मागे लपली.

आईने हाक मारली नाही. ती फरशीवर बसली, चिंध्या पुढे ओढल्या आणि जुड्या बांधायला लागली. थोड्या वेळाने मुलगी जवळ आली, तिच्या हातातले सुतळीचे टोक घेतले आणि आत खोचले. तेव्हा आईचा बांध फुटला. माझेही डोळे भरून आले, आणि दारातल्या हवालदाराने ते पाहिले.

ते जोडपे कोपऱ्यात उभे होते. बाईंनी स्वतः विणलेला लाल स्वेटर मुलीजवळ ठेवला आणि नवऱ्याचा हात धरून त्या बाहेर गेल्या. एवढे दुःख इतक्या शांतपणे सोसणारी माणसे मी फार थोडी पाहिली.

पुढच्या वर्षी ते दोघे पुन्हा आले. या वेळी दत्तकासाठी एक तान्ही मुलगी होती, रस्त्याकडेला सापडलेली. तिचा अहवाल माझ्याकडेच होता. वाघोलीपासून धायरीपर्यंत दवाखाने, सुइणी, पोलीस पाटील, सगळीकडे मी तीन आठवडे स्वतः फिरलो. कोणी मिळाले नाही. मग तेच वाक्य लिहिले आणि सही केली.

बाळ निघाले त्या दिवशी मी बालगृहात गेलो होतो. नर्स बाळाला कडेवर घेऊन फाटकात उभी होती. दत्तक घेणाऱ्या बाई हात पुढे करून थांबल्या होत्या. नर्सने आधी माझ्याकडे पाहिले.

"शोधलं?"

"शोधलं, बाई," मी म्हणालो.

मग तिने बाळ त्यांच्या हातात दिले.