तीनदा मोजलेली म्हैस

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका कचेरीत टेंपरवारी कारकून होतो, आणि माझा आवाज माझ्या हुद्द्यापेक्षा मोठा होता. सत्तर सालानंतरची गोष्ट. पेठांतल्या म्हशींचा त्रास होतोय, त्या शहराबाहेर काढायचा नियम करावा, असं वरून ठरलं. नियमाला आधार पाहिजे, म्हणून आधी म्हशी मोजायचा हुकूम निघाला.

आम्ही तिघा कारकुनांनी काम वाटून घेतलं. मी सकाळी शिवाजी पेठेतल्या गोठ्यांतनं फिरलो. दुसऱ्यानं दुपारी रंकाळा तळ्याच्या पाण्यात बसलेल्या म्हशी मोजल्या. तिसरा संध्याकाळी दूधकट्ट्यावर गेला. तिथं म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि लोक फेसासकट पेला तोंडाला लावतात. हे काम त्याला फार आवडलं, हे सांगायला नकोच. आमचा हेडक्लार्क महाखवचट. म्हणाला, "घरात बसून आकडे टाकशीला. हरेक म्हशीपुढं तिची खूण लिवायची." आम्ही त्याला मनातल्या मनात शिव्या हासडल्या आणि खुणा लिहिल्या. मग मी तिन्ही याद्यांची बेरीज केली आणि खाली झोकदार सही ठोकली. त्या बेरजेवर नियमाचा मसुदा तयार झाला आणि कचेरीबाहेरच्या फळ्यावर लागला. हरकती तीस दिवसांत द्यायच्या होत्या.

आमच्या घरी दूध घालणारी मावशी आमच्याच गल्लीतली. नवरा गेल्यापासून एका म्हशीवर तिचं घर चाललेलं. तिनं मला धरून फळ्यापुढं नेलं.

"लेका, तू हापिसात हाईस न्हवं? वाचून दाव की."

मी वाचलं. आकडा ऐकून ती म्हणाली, "एवढ्या म्हशी हायत, तर लोकं दुधात पाणी कशाला वततात रं? माझी कितींदा मोजलीस?"

"एकदाच की! मला काय खुळा समजलीस?" मी भडकलोच.

"सकाळी तू आलतास. दुपारी तळ्यावर एक पावणं वही घिऊन आलतं. सांजंला कट्ट्यावर आनि एक."

दुसऱ्या दिवशी याद्या काढून बघतोय तर काय! डावं शिंग मोडकं, कपाळावर पांढरा ठिपका. तिन्ही याद्यांत मावशीची म्हैस ऐटीत उभी. आणि ती एकटी नव्हती, तिच्यासारख्या ढीगभर होत्या. मला शरम वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटली. माझी नोकरी कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर पडलेला. बोललो तर तो कागद गेला. गप्प बसलो तर मावशीची म्हैस गेली, आणि शहराबाहेर तिला कोण गोठा देणार होतं? चार रात्री मला धड झोप लागली नाही.

हरकतींच्या सुनावणीला मावशी पदर खोचून उभी राहिली. "सायेब, माझी एकच म्हस हाय. तुमच्या कागदावर तीन हायत. बाकीच्या दोन द्या, न्हायतर कागद फाडा."

सगळे खदाखदा हसले. साहेब हसले नाहीत. "आकडा चुकला कशावरून?" त्यांनी विचारलं.

मावशीनं माझ्याकडं बघितलं. तिला माझं नाव घेता आलं असतं, पण तिनं ते घेतलं नाही.

"बेरीज माझी आहे साहेब," मी उठलो, "आणि ती चुकलीय." तिन्ही याद्या नेऊन पुढं ठेवल्या. साहेबांनी एकेका खुणेवर बोट फिरवलं. मग हेडक्लार्कला विचारलं, "नियम करण्याआधी त्याचा आकडा तपासावा, असं कुठं लिहिलंय का?"

हेडक्लार्क डोकं खाजवत म्हणाला, "नियम कसा करायचा त्याचं नियम हायत सायेब. हे कुठं न्हाय."

"मग आपल्यापुरतं आजपासून आहे. कुठं मोजलं, कधी मोजलं, कुणी मोजलं, हे लिहिल्याशिवाय माझ्यापुढं मसुदा आणायचा नाही. आणि म्हशी पुन्हा मोजा."

या खेपेला मी हुशार झालो. बेंदराच्या सणाला बैलांची शिंगं रंगवतात, तसा मोजलेल्या म्हशीच्या शिंगाला गेरूचा पट्टा ओढायचा. पट्टा दिसला की पुढं चालायचं. आठवडाभर पेठ लाल शिंगांची झाली. पोरंठोरं मला बघून "मोजणीवालं आलं" म्हणून ओरडायची, आणि मलाही मजा यायची. म्हशी निम्म्याहून कमी भरल्या. साहेबांनी मसुदा मागं घेतला. माझा कागद मात्र त्यांनी सही करून माझ्याच हातात दिला.

मी धावतच मावशीच्या गोठ्यात गेलो. ती धार काढत होती.

"नियम गेला मावशी. म्हैस ऱ्हायली."

तिचे हात थांबले. तिनं म्हशीच्या कुशीला कपाळ टेकलं. मग उठली, डोळे पुसले. उरलेला गेरू मी तिच्याकडंच करवंटीत ठेवला होता. त्यात तिनं बोट बुडवलं आणि माझ्या कपाळावर ओढलं.

"तुलाबी मोजलं बघ," ती म्हणाली. "आमच्यातला."