ढकलल्यावर थांबणारा ब्रेक

आमचा भाड्याने द्यायचा जनरेटर दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवलेला. अंबरनाथ पूर्वेतल्या हळदी-बारशांना आमची जीप तो ओढायची, चामटोलीच्या फार्महाऊसला धाकट्या दिराचा ट्रॅक्टर. ट्रेलरला ब्रेक नव्हता. उतार आला की सासरे लाकडाची उटी, म्हणजे ठोकळा, घेऊन चाकाच्या बाजूने चालायचे. ट्रेलर पुढे रेटायला लागला की ती चाकाखाली सरकवायचे. सत्तरीचा माणूस! एकदा चाक त्यांच्या चपलेवरून गेलं, अंगठा थोडक्यात वाचला. तेव्हा मी घरात सांगून टाकलं, ब्रेक बसल्याशिवाय ट्रेलर हलणार नाही.

आणि तिथून माझ्या डोक्याचा भुगा झाला. कॅम्प पाचाच्या बाजारातल्या, गाड्यांचे पार्ट विकणाऱ्या सिंधी दुकानदाराने विचारलं, "भाभी, गाडी कौनसी?" म्हटलं, एक जीप, एक ट्रॅक्टर. तो हसलाच. म्हणाला, विजेवरचा ब्रेक घ्या, फक्त ओढणाऱ्या प्रत्येक गाडीत वायरिंग लागेल. दिराच्या ट्रॅक्टरचे दिवेसुद्धा धड लागत नाहीत! मग त्याने दुसरा दाखवला. पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर तिला ढकलतो, त्याचा जोडणीचा दांडा आत सरकतो आणि चाकं धरली जातात. गाडी कुठलीही चालेल. ढकललं की थांबतं? अहो, हे कसलं काय? बदलापूरचा फिटरही म्हणाला, हाच घ्या. घरी हे म्हणाले, "तूच ठरव." म्हणजे चुकलं तर माझ्या माथी! कळलं काही नाही, तरी तोच घेतला आणि सासऱ्यांना ऐटीत सांगितलं, "मामा, आता तुम्ही ट्रॅक्टरवर बसायचं."

पहिल्याच खेपेला चामटोलीच्या उतारावर मी मागून स्कूटरवर होते. ट्रेलर ट्रॅक्टरला रेटत सुटला. सासऱ्यांनी उडी मारली, रस्त्याकडेचा दगड चाकाखाली घातला आणि गुडघ्यावर पडले. ट्रेलर थांबला. बघते तर दांड्याला तार गुंडाळलेली, तो आत सरकूच नये अशी.

"वैनी, रिवर्स घेताना चाकं धरायची ना, म्हणून मीच बांधली," दीर म्हणाला. "सोडायची राहिली."

भर रस्त्यात मी त्याला असा काही झापला की विचारू नका.

तार सोडली. पण ब्रेक लागतो की नाही, ते उभ्या ट्रेलरवरून कसं कळणार? अर्धा उतार अजून बाकी होता. दीर ट्रॅक्टर सुरू करेना. सासऱ्यांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. आणि मीच, सांगायला लाज वाटते, कडेचा दुसरा दगड शोधून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "मामा, जरा चाकापाशी चला ना."