आधी पाय बघणाऱ्या आक्का

"बसत न्हाई, नुसतं बघून जाते," असं म्हणत आक्का कुणाच्याही घरात शिरायच्या आणि तासभर हलायच्या नाहीत. त्यांची नजर आधी घरातल्या गरोदर बाईच्या पायांवर जायची. सूज आहे का, एवढंच त्यांना पाहायचं असे.

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या एका गावात मी उपकेंद्रावर नर्स होते, त्या तिथल्या आशा कार्यकर्ती. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल. बोळात दिसली की सुना खूश आणि सासवा धास्तावलेल्या. लोहाच्या गोळ्या त्या समोर गिळायला लावत. एका सुनेनं गोळी गालात लपवली, तर ती विरघळेपर्यंत आक्का तिच्याशी गप्पा मारत बसल्या. "कशी लागली? उद्या गिळशील."

आक्कांचा नवरा लवकर गेलेला. दुसऱ्यांच्या रानात खुरपून त्यांनी एकुलती लेक शिकवली, शिरूर अनंतपाळला दिली. लेकीचं दुसरं बाळंतपण सासरीच ठरलं होतं. नववा महिना लागला तशा आक्का फोन हातातून सोडत नव्हत्या.

अशात एका सकाळी गावातल्याच एका गरोदर सुनेसाठी त्या धापा टाकत आल्या. "सिस्टर, चला. तोंड सुजलंय तिचं. डोळ्यापुढं अंधारी यायलीय म्हनते."

त्या पोरीचा बी.पी. इतका चढला होता की मी तो पुन्हा मोजून पाहिला. सासू म्हणत होती, "दिवसांत सुजतंच की." आक्कांनी ऐकलं नाही. रुग्णवाहिका लांब होती; त्यांनी रस्त्यावरची जीप अडवली.

लातूरच्या वाटेवर त्यांचा फोन वाजला. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. "आई, तू ये," एवढं मलाही ऐकू आलं. तेवढ्यात जीपमधली पोर ताठ झाली. झटका आला. आक्कांनी फोन माझ्या मांडीवर टाकला आणि तिला कुशीवर घट्ट धरलं.

दवाखान्यात मी म्हटलं, "आक्का, तुम्ही शिरूरला जा. मी थांबते."

"हिच्या सासूला सही करायला बी भ्याव वाटायलंय. तिथं लेकीजवळ समदे हायत." पण दर पाच मिनिटांनी विचारत, "सिस्टर, दुसऱ्या खेपंला लवकर सुटतात न्हवं?" मी हो म्हणायची. पुन्हा तेच.

संध्याकाळी दोन्हीकडून कळलं. आतली आई वाचली. बाळ एवढंसं, पण रडलं. शिरूरला नात झाली. आक्का भिंतीला टेकून खाली बसल्या.

लेक मात्र दुखावली. "तुला गावच्या पोरी आधी," म्हणाली आणि कित्येक महिने नीट बोलली नाही. आक्कांनी कधी खुलासा केला नाही. जायच्या, नातीला न्हाऊ घालायच्या, परत यायच्या.

गेल्या वर्षी अंगण झाडताना आक्का कोसळल्या, त्या गेल्याच. गावातल्या प्रत्येकीचा बी.पी. मला बघायला लावणाऱ्या बाईचा मी एकदाही बघितला नव्हता.

तेरावं झाल्यावर लेक आईची कामाची नोंदवही द्यायला उपकेंद्रात आली. मी तिला जीपपासूनचं सगळं सांगितलं. एकच प्रश्न आक्का मला किती वेळा विचारत होत्या, तेही. लेकीनं बाकावर बसून वही उघडली आणि गरोदर बायकांच्या नावांवरून बोट फिरवत एकेक पान उलटू लागली. तिचं नाव त्यात असणार नव्हतं. ती दुसऱ्या गावी नांदत होती. मी तिला थांबवलं नाही.