धुतलेलं जाळं

बंदराकडून वारा आला की ओल्या जाळ्यांचा वास घरात शिरतो आणि मला पप्पांचा तो शनिवार आठवतो.

पप्पा चर्चचे पाळक होते, मूळ नगरचे, रत्नागिरीत नुकतेच आलेले. रविवारच्या उपदेशासाठी त्यांनी बायबलमधल्या पेत्र कोळ्याचा उतारा घेतला होता. रात्रभर काही मिळालं नाही, तरी येशूच्या शब्दावरून त्यानं पुन्हा जाळं टाकलं आणि ते भरलं. लिहिलेली चार पानं पप्पांनी दारात आलेल्या मासेवाल्या सुगंधामावशीला हौसेनं वाचून दाखवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी टोपलीवर फडकं टाकत म्हणाली, "पाद्रीबाबा, मासळी गावली ते सोडा. जाळी धुवून झालेली ना? रातभर दमलेल्या माणसानं धुतलेलं जाळं परत भिजवायचं, ते कठीण."

पप्पांनी तिच्यासमोरच चारही पानांवर काट मारली.

तेव्हा वाटलं, पप्पा हरले. आता मीही उपदेश करते. उद्याचा लिहून तयार आहे. पण हल्ली मासळी फोनवरून मागवतो, पिशवी फाटकाला अडकवलेली मिळते. वाचून दाखवू कुणाला?